रविवारी गावाकडच्या नर्सरीत निवांत जायचंय, कोल्हापुरातून कसं जमवावं?

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. राजारामपुरीत फ्लॅट, गच्चीचा एक कोपरा वाट्याला आलेला, सोबत सत्तरीच्या आई, आणि घाईगडबड न करता एक अख्खा रविवार गावाकडच्या नर्सरीत काढायचा. कुठं जावं, कधी जावं, काय आणावं, असं विचारलंय तुम्ही. मी शिवाजी पेठेतली. वर्षातनं निदान दोनदा माझी ही वारी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे, की गेल्या गेल्या काही विकत घेऊ नका. पहिली फेरी नुसती बघायला. यादी घेऊन जायचं आणि तासाभरात डिकी भरून परत यायचं असेल तर शहरात रस्त्याकडेला रोपं मिळतातच की. गावातल्या नर्सरीत जायचं ते तिथं रोप तयार होतं म्हणून. ज्या झाडांच्या काड्या कलमाला वापरतात ती मातृवृक्षाची झाडं तिथंच बांधाला उभी असतात. एका बाजूला माती आणि शेणखत कालवलं जातंय, बायका पिशव्या भरतायत, शेडनेटखाली कुणी कलमं बांधतंय. हे बघायला आणि विचारायला सवड पाहिजे.

मी रत्नागिरी रस्त्याला जाते. शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा मागं पडला की केर्लीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि काळी माती. वाघबिळाकडं चढ लागला की मातीचा रंग तांबूस होत जातो, हवा बदलते. मुख्य रस्ता सोडून दोन-तीन किलोमीटर आत गेलं की ज्या नर्सऱ्या लागतात त्या बघा, फाट्यावरच्या नकोत. पन्हाळा इथनं हाकेच्या अंतरावर, कोल्हापूरपासून सगळे मिळून वीस किलोमीटर, म्हणून आलोच आहोत तर सज्जाकोठी आणि तीन दरवाजा पण करू असं वाटेल. करू नका. आई दमतील आणि नर्सरीतलं बसणं राहून जाईल. पन्हाळ्याला दुसरा रविवार द्या.

पावसाळ्यात जाणार असाल तर आदल्या दिवशी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघून घ्या. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. पंचगंगा त्या बेताला आली की हा रस्ता केर्लीजवळ पाण्याखाली जायला वेळ लागत नाही.

एवढं असूनही मला विचाराल तर जुलै-ऑगस्टातला उघडीप असलेला रविवारच सगळ्यात चांगला, कारण तेव्हा आंब्याची कोय कलमं चालू असतात. आंब्याची कोय फार दिवस टिकत नाही, महिनाभरात तिची उगवायची ताकद जाते. म्हणून हंगाम संपता संपता कोयी वाफ्यात घालतात आणि पुढं कलमांची एकच धांदल उडते. आमच्या नेहमीच्या नर्सरीतले मामा हे काम करताना मी समोर पाट टाकून बसते. कोय उगवून दहा-पंधरा दिवस झालेले असतात, पानं अजून तांबूस, हातात धरली तर लोळणारी. मामा रोप कोयीसकट उचलतात, दोन-तीन इंचांवर शेंडा उडवतात आणि मधोमध ब्लेडनं उभी चीर देतात. मग बोटभर जाडीचीही नसलेली हापूसची काडी घेऊन तिला दोन्हीकडनं पाचरीसारखा तास देतात, चिरेत बसवतात, आणि प्लास्टिकची पट्टी खालनं वर ओढून गुंडाळत नेतात. मिनिटभराचं काम. ही काडी झाडावरनं त्याच दिवशी सहज तोडून आणलेली नसते, तिची तयारी आठ-दहा दिवस आधीपासनं असते. झाडावरच तिची पानं कापायची, देठं तेवढी ठेवायची. देठं आपोआप गळली आणि शेंड्याचा डोळा फुगला की काडी कलमाला आली. वरनं पेप्सीकोल्याची असते तसली लांब पिशवी घालतात, आत दमटपणा राहावा म्हणून. “सालीला साल भेटली पायजे, निदान एका अंगानं तरी,” मामा सांगतात. “न्हाई तर वाळून जाती बघा काडी.”

हे एकदा बघितलं की रोप निवडायला कुणाला विचारावं लागत नाही. मला हे उशिरा कळलं. पूर्वी एकदा रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडनं हापूसचं कलम म्हणून आणलं, माहेरच्या परड्यात लावलं. झाड जोमानं वाढलं. आईनं चार उन्हाळे त्याला बादलीनं पाणी घातलं. पुढं मामांना फोटो दाखवला तर त्यांनी बुंध्याकडं बोट दाखवलं. जोडाच्या वरची काडी केव्हाच मेलेली होती आणि वाढत होता तो खालचा खुंट, म्हणजे गावठी आंबा. आईला हे सांगताना मला फार वाईट वाटलं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, कलम घेताना जोड कुठं आहे ते बोटानं चाचपून बघा, फूट जोडाच्या वरनं आलीय ना ते बघा. घरी आणल्यावरसुद्धा जोडाखालनं फुटवा आला की लगेच खुडायचा आणि जोड कधी मातीत गाडायचा नाही.

दुसरी पारख पिशवीची. उंच रोपाला भुलू नका. लहान पिशवीत उंच झाड म्हणजे ते तिथं बरेच दिवस अडकून पडलंय, मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असणार. दीड-दोन फुटांचं, बुंध्याला जाड, वर ताजी पालवी असलेलं रोप बरं. आणि मातीचा गोळा दाबून बघा. आपल्याकडं बरीच रोपं आंध्रातल्या कडियमवरनं ट्रकनं येतात, तिथं नर्सऱ्यांचा मोठा पट्टाच आहे. त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. आपल्या मातीत तसाच लावला तर मुळं त्या गोळ्यातनं बाहेर यायला बघत नाहीत आणि वर पाणी घालूनही आतला गोळा कोरडाच राहतो. ती रोपं वाईट नसतात, पण बाहेरची माती हलकेच मोकळी करून लावावी लागतात. “हे इथं केलंय का बाहेरनं आणलंय?” असं सरळ विचारा, खरं सांगतात.

गच्चीसाठी काय, तर तुमच्याकडं ऊन किती तास येतं त्यावर आहे. आधी एक दिवस मोजून ठेवा, कारण नर्सरीत पहिला प्रश्न तोच येतो. पाच-सहा तास ऊन असेल तर लिंबू जरूर घ्या. साई सरबती मागा, राहुरी कृषी विद्यापीठाचा वाण आहे. लिंबाला कलमच पाहिजे असा हट्ट नको; कागदी लिंबाच्या बीतनं बहुतेक मूळ झाडासारखंच झाड येतं. सोनचाफ्याचं मात्र कलमच घ्या, बियांच्या झाडाला फुलं यायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. मोगरा, जाई, अनंत आहेतच. आणि थंडीत गेलात तर दवणा विचारा. जोतिबाला चैत्रात वाहतात तोच दवणा. हात लावला तरी दिवसभर बोटांना वास राहतो. आमच्या घरी दरवर्षी एक तरी कुंडी असते.

एक विनंती, उसाच्या रानातली काळी माती कुंडीत भरू नका. शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत वाळली की आक्रसते, कडेनं फट पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न लागता त्या फटीतनं खाली निघून जातं. दोन वाटे तांबडी माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे. तांबडी माती नर्सरीतनंच पोतंभर घ्या.

आणताना दुचाकीवर रोप उभं धरू नका, वाऱ्यानं पालवी करपते. जुनं सुती पातळ ओलं करून सैल गुंडाळायचं आणि गाडीत मागं आडवं ठेवायचं. घरी आल्यावर आठ-दहा दिवस सावलीत पिशवीतच राहू द्या, मग कुंडीत.

जेवण घरनंच न्या. भाकरी, पिठलं, खरडा, दही. बहुतेक नर्सऱ्यांत एखादं फणसाचं नाहीतर आंब्याचं मोठं झाड असतं, विचारलं तर तिथं बसायला कुणी नाही म्हणत नाही. थंडीत गेलात तर येताना वाटेत गुऱ्हाळावर थांबा, काहिलीतली ताजी काकवी बाटलीत भरून मिळते.

आईंची काळजी तुम्ही प्रश्नात लिहिलीय, त्यांना कंटाळा येईल का म्हणून. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मलाही तीच धास्ती होती. मी खुर्ची मागून आणेपर्यंत त्या पिशव्या भरणाऱ्या बायकांच्यात पोत्यावर जाऊन बसल्यासुद्धा. कुणाची कुठली गल्ली, कुणाचं माहेर कुठलं, सगळं निघालं. दोन तास त्यांनी पिशव्या भरल्या; पिशवी दोनदा जमिनीवर आपटून माती कशी बसवायची ते शिकल्या. निघताना त्यातल्या एका मावशींनी जाईची तीन डोळ्यांची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. ती जाई आता आमच्या जिन्याच्या कठड्यावरनं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलीय, आणि तिच्या कळ्या सासूबाई स्वतःच काढतात, दुसऱ्या कुणाला काढू देत नाहीत.