नाताळ बघायचाय, पण हिल रोडच्या गर्दीत नको

प्रश्न : ताई, मी मूळची लातूरची, दोन वर्षं झाली मुंबईत जॉबला, गोरेगावला पीजीमध्ये राहते. मागच्या वर्षी २४ डिसेंबरला रात्री मैत्रिणींबरोबर बांद्र्याला गेले होते. हिल रोडला रिक्षा पुढं सरकेचना, शेवटी उतरून चालायला लागलो तर नुसती डोकी दिसत होती, चर्चमध्ये आत जायला मिळालंच नाही आणि दीड वाजता हात हलवत परत आलो. यावर्षी २३ ते २९ आईबाबा येणारेत. आईला नाताळ बघायचाय, तिनं फक्त सिनेमात बघितलाय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना जिने नकोत. आम्ही चर्चमध्ये गेलेलं चालतं का? आत गेल्यावर काय करायचं असतं? प्लीज नीट सांगा, मला त्यांना छान दाखवायचंय.

उत्तर : अगं, तू जागा बरोबर निवडलीस, दिवस चुकला. २४ च्या रात्री बांद्र्याची माणसं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालेली असतात आणि उरलेली मुंबई त्यांना बघायला निघालेली असते, मग कुणालाच काही धड मिळत नाही. आणि आपल्याला वाटतं की २५ झाली की संपलं, कारण मॉलवाले ती झाडं लगेच उतरवतात आणि न्यू इयरचे बोर्ड लावतात, पण चर्चच्या हिशेबानं नाताळ २५ ला सुरू होतो. तीन राजांचा सण ६ जानेवारीला, तोवर दारातले तारे, कंदील, येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे सगळं जागेवर असतं. म्हणजे तुझ्या हातात २६, २७, २८ असे तीन निवांत दिवस आहेत, ते वापर.

माझं लहानपण गिरगावातलं, खोताच्या वाडीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या, अगदी तोंडाशी आमची चाळ. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला की महिनाभरात वाडीत तारे लागायचे. तेच बांबू, तेच जिलेटिन, तीच खळ, फक्त सहा बाजूंचा कंदील जाऊन पाच टोकांचा तारा. एका घराच्या व्हरांड्यात एक आजोबा ब्लेडनं बांबू तासत बसायचे, काडी अंगठ्याच्या नखावर वाकवून बघायचे, तुटली तर बाजूला, वाकली तर घ्यायची. मी तासन्‌तास तिथं बसायचे आणि मला कुणी कधी ऊठ म्हटलं नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की तुझ्या आईनं आधी ही वाडी बघावी, लायटिंग नंतर.

तर २६ ला असं कर. गोरेगावहून आरे जेव्हीएलआरला ये आणि मेट्रो ३ धर, स्टेशनात लिफ्ट आहेत, बाबांचे गुडघे वाचतील. आधी हुतात्मा चौकाला उतरा. तिथून चार पावलांवर फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल. हे चर्च उघडलं तेच नाताळच्या दिवशी, १७१८ साली, आणि किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चकडं जायचा त्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. रोज लाखो लोक ते नाव घेतात, चर्च मात्र फार थोड्यांनी बघितलंय. आत गार आणि शांत असतं, बाबांना बाकावर बसून घेता येईल.

मग परत मेट्रो, गिरगाव स्टेशन, खोताची वाडी. ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची, त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी घरं बांधली, बाहेरून जिना, पुढं व्हरांडा, कौलं. आईला कोकणातल्या घरासारखंच वाटेल बघ. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, मुंबई-साष्टी-वसईकडचे मूळ लोक, घरात मराठीचीच एक बोली. नाव तेवढं १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं, गोव्याहून आणि मंगळुरूहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून. एक कळकळीची विनंती, तिथं लोक राहतात. खिडकीत मोबाईल घालून फोटो काढू नका, व्हरांड्यात कुणी बसलं असेल तर आधी हसून नमस्कार करा, ‘हॅपी ख्रिसमस’ नाही आलं तर ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणा. बहुतेक वेळा तेच बोलायला लागतात. आईला गप्पा मारायला भाषेची अडचण येणार नाही.

बाबांना इतिहासाची आवड असेल आणि पाय साथ देत असतील तर माझगावची माथारपाखाडी ही जुनी ख्रिस्ती वस्तीही दाखव, हार्बरचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडतं, नाहीतर सरळ टॅक्सी कर. लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा इथले. होमरूलच्या चळवळीत टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले, पुढं १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. शाळेत टिळक पाठ केलेल्या माणसाला ती गल्ली बघून काय वाटेल ते तूच बघशील.

आता चर्चचं. चालतं, अगदी चालतं, कुणी अडवत नाही. २४ ची मिस्सा आईला बघायचीच असेल तर बांद्रा सोड, गोरेगाव-मालाडमधल्या जवळच्या चर्चला जा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरचे नियम आहेत त्यामुळं बरीच चर्चेस मोकळ्या मैदानातली मिस्सा संध्याकाळीच सुरू करतात. दोन दिवस आधी जाऊन गेटवरचा बोर्ड वाच, वेळ आणि भाषा दोन्ही लिहिलेलं असतं, मराठी मिस्साही बऱ्याच ठिकाणी असते. मागच्या बाकांवर बसा, पुढच्या जागा तिथल्या कुटुंबांना राहू द्या. लोक उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकले तर तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. फोन सायलेंट, आणि मिस्सा चालू असताना फोटो अजिबात नाही.

आणि एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथं आपल्या लोकांची चूक होते. शेवटाकडं सगळे रांगेनं पुढं जातात आणि फादर प्रत्येकाला पांढरी पातळ गोल चकती देतात. आपण प्रसाद समजून हात पुढं करतो. तो आपल्यासारखा वाटायचा प्रसाद नाही, त्यांच्या श्रद्धेनं ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि दीक्षा घेतलेल्यांनीच ते घ्यायचं असतं. तेव्हा रांगेत जाऊ नका, जागेवर शांत बसा, कुणाला वाईट वाटत नाही. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर प्रसाद नाकारला म्हणून तिला चुटपुट लागेल. त्याच्या थोडं आधी एक क्षण येतो, सगळे एकमेकांकडं वळून शांती देतात, बाहेरच्या देशात हात मिळवतात म्हणे, आपल्याकडं हात जोडून नमस्कार करतात. पुढच्या बाकावरची अनोळखी बाई वळून तुझ्या आईला नमस्कार करेल तेव्हा तूही वळ आणि कर. मला आजही त्या क्षणी भरून येतं.

मिस्सा संपली की गोठा बघा. गवत, मेंढरं, मरिया, योसेफ, आणि मधली गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत बऱ्याच ठिकाणी रिकामी ठेवतात, बाळ मिस्साच्या वेळी ठेवलं जातं.

एक दिवस वसईला दे. वसई रोडला उतरून पापडी, गिरीज, नंदाखाल करत रिक्षानं फिरा. तिथली पोरं गल्लोगल्ली गोठे उभारतात, डोंगर, झरे, हलणारी चित्रं, आपल्या गणपतीच्या देखाव्यांसारखीच चुरस असते. कुपारी म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती समाजातल्या म्हाताऱ्या बायका अजून लाल लुगड्यात दिसतात आणि सगळं मराठीत, मिस्सा मराठीत, गाणी मराठीत. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भागातले. बाबांना किल्लाही दाखव, चिमाजी अप्पांनी १७३९ ला घेतला तो.

बांद्र्याची हौस राहिली असेल तर २८ ला दुपारी चारला हिल रोडला जा, १५७५ चं सेंट अँड्र्यूज आरामात बघून होईल, बेकरीतून प्लम केक घ्या, अंधार पडताना रेक्लमेशनला रोषणाई असली तर बघा आणि आठच्या आत परत फिरा. आईबाबा गेल्यावर ३१ ला तू मोकळी असलीस तर तिथल्या गल्ल्यांत ‘ओल्ड मॅन’ बघ, जुन्या कपड्यांत गवत भरून केलेला म्हातारा खुर्चीत बसवलेला असतो, पोरं त्याच्या नावानं वर्गणी मागतात आणि बाराला त्याला जाळतात, सरतं वर्ष म्हणून.

प्रश्न : आम्ही दहिसरला नवीन बिल्डिंगमध्ये आलोय. शेजारच्या काकू ख्रिश्चन आहेत, खूप प्रेमळ. मागच्या नाताळला त्यांनी मोठं ताट भरून फराळ पाठवला. आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही, म्हणून मी संकोचानं सगळंच कामवाल्या मावशींना दिलं आणि ताट धुऊन परत केलं. आता अपराधी वाटतं. यंदा काय करू? त्यांना काय द्यावं?

उत्तर : तुम्हाला अपराधी वाटतंय यातच तुमचं मन कळतं, पण हे सहज सुटण्यासारखं आहे, फक्त बोलावं लागेल. डिसेंबर लागला की काकूंना सरळ सांगा, ‘काकू, आमच्याकडं अंडं चालत नाही, बाकी सगळं आवडेल.’ राग येणार नाही, उलट त्या ताट वेगळं लावतील. त्या ताटात तुमच्यासारख्यांना चालेल असं पुष्कळ असतं. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, पेरूची लालसर वडी जिला ते गुवा चीज म्हणतात पण त्यात चीज नसतंच, हरभऱ्याची डाळ आणि नारळाचा दोस, मिल्क क्रीम. केक, मार्झिपान आणि कुलकुल मात्र विचारून घ्या, केकात अंडं आणि रममध्ये भिजवलेला सुका मेवा असतो, मार्झिपानमध्ये बऱ्याचदा अंड्याचा पांढरा बलक, कुलकुलात काही घरी घालतात काही घरी नाही.

ताट रिकामं परत करायचं नाही हे तर आपल्यातही आहे, आमची आई दोन चमचे साखर तरी घालायची. चॉकलेटचा बॉक्स नका देऊ हो, तो त्यांच्याकडं दहा जणांचा येतो. गोड करून करून त्यांचे हात दुखलेले असतात, तेव्हा घरची खमंग चकली, कडबोळी, लसणाची शेव द्या, आणि २५ ला सकाळी मिस्साहून त्या परत आल्या की स्वतः घेऊन जा, सगळ्यांनी, मुलांसकट. दहा मिनिटं बसा.

आणखी एक सुचवते. कुलकुल करायच्या दिवशी मदतीला येऊ का विचारा. ते एकट्यानं करायचं कामच नाही. मैदा, नारळाचं दूध, साखर, थोडं तूप असं घट्ट मळायचं, बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर ठेवून अंगठ्यानं दाबत खाली ओढायची आणि उलट गुंडाळायची, शंखासारखी वळी होते आणि वर रेघा उमटतात. मग तळण. पहिल्या वीस-पंचवीस उकलतात तेलात, नंतर हात बसतो. तुमची पोरं हे विसरणार नाहीत, आणि काकू घरात अंडं घालतात की नाही तेही पिठाच्या परातीपाशी कळेल.

प्रश्न : मी अहिल्यानगरचा, मराठी ख्रिस्ती. कुर्ल्याला राहतो, यंदा रजा नाही, पहिल्यांदाच नाताळ घराबाहेर. आमच्याकडं २४ ला रात्रभर पेटी, ढोलकी, टाळ घेऊन घरोघरी भजनं म्हणत फिरतात. इथं ऑफिसमध्ये सांगितलं तर म्हणतात, तू मराठी आहेस ना, मग ख्रिश्चन कसा. मॉलमधली इंग्रजी गाणी ऐकून घराची आठवण जास्तच येते. कुठं जाऊ?

उत्तर : अरे, हा प्रश्न तुला विचारणाऱ्यांना रेव्हरंड टिळकांचं नाव सांग. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईतच झाला, त्यांचं काम तुमच्या नगरात झालं, आणि त्यांचे अभंग, भजनं मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आजही म्हणतात. नाताळ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून येऊन आपल्यात इतका मुरलाय की आता तो आपलाच झालाय.

भायखळ्याला ह्यूम मेमोरियल चर्च आहे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, म्हणजे तुझ्या नगरशी थेट नातं. कुर्ल्याहून भायखळा लोकलनं फार लांब नाही. नाताळच्या आधीच्या रविवारी उपासनेला जा, नंतर बाहेर पाळकांना भेट, गाव सांग. नगर म्हटल्यावर कुणी ना कुणी आडनावावरून ओळख काढेलच, आणि २४ चं भजन कुठून निघतंय, २५ ला कुणाकडं जेवायचं हेही तिथंच ठरेल. जाताना टाळ पिशवीत टाकून ने.