आधुनिक नाण्यांवर प्राचीन चिन्हे का असतात आणि त्यांचा राष्ट्रीय अर्थ कोठून येतो?

आजच्या नाण्यांवर हजारो वर्षांपूर्वीची चिन्हे का घेतली जातात आणि ती आजही मूळचाच अर्थ सांगतात का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात राहतो आणि बरीच वर्षे हौसेने नाणी जमवतो. चिन्ह कितीही जुने असले तरी त्याचा राष्ट्रीय अर्थ नवाच असतो आणि तो काय घेतले यावर जितका ठरतो तितकाच काय गाळले यावरही ठरतो, असे माझे मत आहे.

सुरुवात आपल्याच खिशातल्या पाच रुपयांच्या नाण्यापासून करू. छाप्याच्या बाजूवर भिंग धरले, तर सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत मधोमध चक्र, डावीकडे घोडा आणि उजवीकडे बैल दिसतो. हे शिल्प इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले, सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभाच्या शिरोभागाचे आहे. बुद्धांनी पहिले प्रवचन तेथेच दिले आणि मूळ शिल्पात चार सिंहांच्या डोक्यावर बत्तीस आऱ्यांचे एक मोठे धर्मचक्र होते, ज्याचे केवळ तुकडे उत्खननात मिळाले. म्हणजे मुळात सिंह हे त्या चक्राचे वाहक होते. राष्ट्रचिन्हात मात्र सिंहच सर्वांत वर आहेत, खालचे घंटेच्या आकाराचे उलटे कमळ वगळलेले आहे आणि ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडकोपनिषदातून घेऊन त्याखाली ठेवले आहे. बौद्ध स्तंभ आणि उपनिषदातील वाक्य यांची ही जोडणी विसाव्या शतकातली आहे, आणि मला ती अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते.

ती नाण्यावर कोणत्या जागी आली, हेही पाहायला हवे. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली, तेव्हा सहाव्या जॉर्जचा मुखवटा जेथे होता तेथे हे सिंह बसले. माझ्या आजोबांच्या डब्यात भोकाचा पैसा आणि राणीछाप रुपया यांच्याबरोबरच १९५० चा घोड्याचे चित्र असलेला पैसाही होता. त्या काळच्या आण्यांवर बैल होता आणि रुपयावर गव्हाच्या ओंब्या होत्या. राजाचे तोंड काढून दुसऱ्या कोणाचे तोंड बसवण्याऐवजी एका शिल्पाची निवड झाली, हा त्या बदलाचा गाभा आहे.

ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर घुबड आहे. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात, पण तेथे ते अथेना देवीचा पक्षी आणि शहाणपणाचे चिन्ह आहे. तेथे केवळ घुबडाचे चित्र घेतलेले नाही, तर इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले अथेन्सचे चार द्राख्माचे नाणेच त्या नाण्यावर उतरवलेले आहे. ते घुबड अथेन्स या एका नगराचे होते, सर्व ग्रीकांचे नव्हे. स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगराने तर अथेन्सशी दीर्घ युद्ध केले. तरीही ग्रीसच्याच दोन युरोच्या नाण्यावर बैलाच्या रूपातला झ्यूस देव युरोपा नावाच्या राजकन्येला पळवून नेतानाचे जे दृश्य आहे, ते स्पार्टातील रोमन काळच्या एका कुट्टिमचित्रावरून (लहान रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रावरून, म्हणजे मोझेकवरून) घेतले आहे. एकेकाळचे वैरी आता एकाच पाकिटात शेजारी बसतात.

अर्थ पूर्ण उलटल्याचे उदाहरण इस्रायलचे आहे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर रोमन सम्राट व्हेस्पेशियनने काढलेल्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री जिंकलेल्या यहुदियाचे, म्हणजे ज्यूंच्या प्रदेशाचे, प्रतीक होती. आजच्या दहा शेकेलच्या नाण्यावरही खजुराचे झाड आहे, पण तेथे त्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्या आहेत आणि सियोनच्या, म्हणजे जेरुसलेमच्या, मुक्तीचे शब्द आहेत.

चिन्ह म्हणजे चित्रच हवे, असेही नाही. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर कोणतीही आकृती नाही. ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच देवनागरी अक्षरे आहेत. फारसी मजकुराची नाणी सर्वत्र चालत असताना ती अक्षरेच त्या राज्याची खूण होती. येथील जुन्या बाजारात रविवारी गेलात, तर झिजलेली शिवराई बोटावर घासून पाहा. कडेचे ठिपके गेलेले असतात, पण ‘राजा’ हा शब्द बऱ्याचदा अजून लागतो.