गाडी ताब्यात घेण्याआधी
परदेशात गाडी चालवायला आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका काढलीस ते बरं केलंस, पण मूळ परवानाही खिशात ठेव. त्याच्याशिवाय ती पुस्तिका कुचकामी. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेली असेल तर मुदत एकच वर्ष.

भाड्याची गाडी घेताना मात्र घाई नको. चारही बाजूंनी व्हिडिओ काढ, चाकांच्या रिमा अगदी जवळून. मी एकदा त्या बघितल्याच नाहीत, आणि आधीचा ओरखडा माझ्या नावावर चढला. पेट्रोल की डिझेल, ते टाकीच्या झाकणाच्या आत वाच. सीमा ओलांडणार असशील तर लेखी परवानगी घे, नाहीतर बऱ्याचदा विमाच लागू होत नाही.

विमानातून उतरल्या उतरल्या लांबचा पल्ला मारू नकोस. रस्त्याची बाजू बदललेली असली की चूक होते ती वळल्यावर, तीही रिकाम्या रस्त्यावर. समोर गाड्या असल्या की आपण आपसूक त्यांच्यामागे जातो.