वाचकांचे प्रश्न : झुलत्या पुलाची केबल वर चढते कशी?

प्रश्न : मोठ्या झुलत्या पुलाची मुख्य केबल जवळपास मीटरभर जाड असते. एवढं वजन मनोऱ्यांवर चढवतात तरी कसं?

उत्तर : चढवतच नाहीत, ती वरच तयार होते. गोल्डन गेट पुलाची (1937) प्रत्येक केबल सुमारे 92 सेंटिमीटर जाड आहे आणि तिच्यात 27,572 तारा आहेत. एकेक तार पेन्सिलीपेक्षाही बारीक, 5 मिलिमीटरच्या आतली. आधी एक हलका दोर पलीकडे नेतात. जपानच्या आकाशी काइक्यो पुलाला तो हेलिकॉप्टरने नेला होता. त्याच्या आधाराने जाड दोर, मग केबलच्या थोडं खाली जाळीची तात्पुरती पायवाट. तिच्यावरून फिरतं चाक तारेचा फास घेऊन एका अँकरेजपासून (केबलचं टोक जखडून ठेवणारा काठावरचा अवजड ठोकळा) दुसऱ्यापर्यंत जातं. शेकडो तारांचा एक पेड होतो. गोल्डन गेटच्या केबलमध्ये असे 61 पेड आहेत. आकाशीला 127 तारांचे पेड कारखान्यातच बांधून आणले आणि असे 290 पेड ओढून एक केबल केली.

खरी कसोटी वजनाची नाही, लांबी जुळवण्याची. एखादी तार आखूड राहिली तर जास्त ताण तीच घेते. लांब झाली तर ढिली पडून नुसती जागा अडवते. त्यात उन्हाचा उपद्रव. 1000 मीटर लांबीची पोलादी तार 10 अंशांच्या फरकाने 12 सेंटिमीटर वाढते आणि तिचा झोळ, म्हणजे मधोमध लोंबणारा भाग, त्या वाढीच्या दुपटीच्या जवळपास खाली येतो. दिवसा वरचे पेड तापलेले, आतले गार. मोजमाप घ्यायचं कशाचं? म्हणून पेडांचा झोळ रात्री, तापमान सगळीकडे सारखं झालं की जुळवतात. नंतर जॅकने दाबून केबल गोल करतात. तरी आत साधारण पाचवा हिस्सा पोकळीच राहते. तिथे पाणी शिरलं की गंज आतून सुरू होतो, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. आकाशीच्या केबलमध्ये त्यासाठी कोरडी हवा सोडतात.

प्रश्न : झोळ ठेवायचाच कशाला? केबल ताणून सरळ बांधली तर मनोरे बुटके चालतील.

उत्तर : मनोरे वाचतील, केबल तुटेल. आडवा ताण काढायचा तर मीटरमागचा भार गुणिले गाळ्याच्या लांबीचा (दोन मनोऱ्यांमधल्या अंतराचा) वर्ग, भागिले झोळाची आठपट. 1000 मीटर गाळा, मीटरला 20 टन भार आणि 100 मीटर झोळ धरला तर ताण 25,000 टन. झोळ 50 मीटर केला की 50,000. अँकरेजही तितकंच भक्कम लागणार. म्हणून झोळ साधारण गाळ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात.

प्रश्न : रस्त्याचे तुकडे टांगल्याबरोबर एकमेकांना वेल्ड का करत नाहीत?

उत्तर : मधोमध काही तुकडे टांगले की केबल तिथेच दबते आणि तिचा आकार बिघडतो. त्यामुळे शेजारच्या तुकड्यांच्या वरच्या कडा भिडतात, खालच्या उघड्या राहतात. तेव्हाच वेल्ड केलं तर पुढचे तुकडे लागताना सांधा फाटेल. म्हणून वरून तात्पुरती जोडणी करतात. बहुतेक भार चढून खालच्या फटी आपोआप मिटत आल्या की मग वेल्डिंग.