लगोरीतला नहेम्या: मुलांच्या उपासनेसाठी खेळ निवडताना

परदेशातल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची गोष्ट सारखीच. मराठी उपासना महिन्यातून एकदा, दुसऱ्या कुणाच्या तरी चर्चमध्ये, हॉल ठरलेल्या दोन तासांपुरता. मोठी माणसं उपदेश ऐकायला बसतात आणि चार ते बारा वयाची दहा-पंधरा मुलं मागच्या खोलीत एखाद्या ताई-दादाच्या हवाली होतात. मराठी त्यांना कळतं, पण निम्मी ते बोलत नाहीत आणि देवनागरी वाचणारं एखादंच असतं. इथे खेळाशिवाय चालत नाही. मात्र ‘आधी खेळू, मग धडा’ असं केलं की मुलं घरी जाऊन फक्त खेळाबद्दलच बोलतात. त्यापेक्षा ज्याचा नियमच बायबलमधली गोष्ट सांगतो, असा खेळ शोधावा.

नियम उलटा पडला की काय होतं, ते संगीत खुर्चीत दिसतं. सगळ्यात लहान मूल पहिल्याच फेरीत बाद होतं आणि दहा मिनिटं भिंतीला टेकून बसतं. त्यानंतर तुम्ही नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट सांगता! म्हणून खेळच फिरवा: जागा कमी होईल, माणूस मात्र एकही कमी होणार नाही. मोठी चादर पसरा, गाणं थांबलं की सगळ्यांनी चादरीवर यायचं आणि दर फेरीनंतर चादर एक घडी दुमडायची. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातली, मोठ्या जेवणाची, जिथे दास येऊन सांगतो की अजून जागा आहे. लाकडी जमिनीवर चादर घसरते, तेव्हा तिची टोकं टेपने चिकटवा. खुर्च्या नकोच, घडीच्या खुर्चीत बोटं चेमटतात. दहा-अकराच्या पुढची मुलं एकमेकांना खेटायला लाजतात, त्यांचा एक पाय आत आला तरी पुरे.

सगळ्यात चपखल बसते ती आपली लगोरी. एका बाजूने रचायचं आणि दुसऱ्या बाजूने चेंडू मारून ते रचू द्यायचं नाही, म्हणजे नहेम्याचं पुस्तकच: यरुशलेमेची पडलेली भिंत नहेम्या पुन्हा बांधून घेतो आणि शत्रू ती बांधू देत नाहीत. बरेच जण लगोरी यरीहोची भिंत पडली त्या गोष्टीसाठी घेतात, कारण तिथेही सात याजक, त्यांची फुंकायची सात शिंगं, सातव्या दिवशी शहराभोवती सात फेऱ्या. पण ती भिंत पडून राहायची होती, ती पुन्हा बांधणाऱ्याला इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने शापच दिला. लगोरीची सगळी मजा पुन्हा रचण्यात असते, म्हणून ती यरुशलेमेला शोभते.

सामान घरातलंच. दह्याचे अर्धा किलोचे सात रिकामे डबे, एकाच मापाचे, सपाट झाकणांचे. प्रत्येकात मूठभर तांदूळ घालून झाकण टेपने बंद करा, रिकामे डबे नुसता धक्का लागला तरी कोसळतात. सात डब्यांचा मनोरा डुलतो, सहा वर्षांच्या आतल्यांना पाचच द्या. टेनिसचा चेंडू नको. भाड्याच्या हॉलमधले दिवे आपले नसतात. मोज्यांच्या दोन जोड्या गुंडाळून केलेला गोळा चांगला, तो लागला तरी दुखत नाही आणि उसळून कपाटाखालीही जात नाही.

दहा मुलं असतील तर सहा बांधणारे, चार मारणारे. डब्यांभोवती एक मीटरचं वर्तुळ टेपने आखा, मारणाऱ्यांनी त्याच्या आत यायचं नाही आणि चेंडू कमरेखालीच मारायचा. नेहमीच्या लगोरीत रचणारेच आधी ती फोडतात. इथे तसं करू नका. नहेम्या आला तेव्हा भिंत पडलेलीच होती, म्हणून डबे सुरुवातीपासून विखुरलेले ठेवा. ज्याला चेंडू लागेल तो बाद नाही, त्याने समोरच्या भिंतीला हात लावून परत कामाला यायचं. वेळ 52 सेकंद, कारण यरुशलेमेची भिंत 52 दिवसांत पुरी झाली.

पहिल्या फेरीत बहुधा भिंत होत नाही. सगळे एकाच डब्यावर तुटून पडतात, दोन मोठी मुलं सगळं हातात घेतात, लहान बघत राहतात. होऊ द्या. मग सगळ्यांना खाली बसवून तिसरा अध्याय थोडक्यात सांगा: बरेच जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधत होते, त्यांत सोनार होते, सुगंधी द्रव्यं करणारे होते, शल्लूम तर आपल्या मुलींना घेऊन कामाला लागला होता. आता प्रत्येकाला एकेक डबा नेमून द्या. सहा जण, सात डबे, वरचा सातवा डबा सगळ्यात लहानाचा. ही फेरी वेगळीच होते, आणि का झाली हे मुलं आपण होऊन सांगतात. तिसऱ्या फेरीत डाव्या हातात कागदी ताटली, म्हणजे ढाल. रचायचं फक्त उजव्याने, कारण चौथ्या अध्यायातले कामकरी एका हाताने काम करत आणि दुसऱ्यात शस्त्र धरत. चार-पाच वर्षांच्यांना ताटली देऊ नका, एका हातात डबा मावत नाही आणि ती रडकुंडीला येतात. मारणाऱ्यांना नहेम्याचा शत्रू तोबीया याचा टोमणा शिकवा, की यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल. तो त्यांना फार आवडतो. दर फेरीला बाजू बदला, नाहीतर तीच चार मुलं शत्रू ठरतात.

गोष्टीला पाच मिनिटं, खेळाला पंधरा, बसून बोलायला पाच. शेवटी दोनच प्रश्न पुरतात: चेंडू लागल्यावर परत यावंसं वाटलं का? आणि बांधकाम सुरू करण्याआधी, भिंत पडल्याची बातमी ऐकताक्षणी, नहेम्याने काय केलं? (रडला, उपास केला, प्रार्थना केली.) उत्तराची घाई करू नका.

नावांचा घोळ मात्र परदेशातल्या वर्गातच होतो. मूल शाळेत मोझेस ऐकतं, आजी फोनवर मोशे म्हणते आणि त्याला वाटतं, ही दोन माणसं. त्यासाठी जोड्यांचे पत्ते करा: बारा जोड्या, चोवीस पत्ते. एकावर मोशे, दुसऱ्यावर मोझेस. तसंच यहोशवा-जोशुआ, हव्वा-ईव्ह, पेत्र-पीटर, योहान-जॉन, शलमोन-सॉलोमन, यशया-आयझाया. दोन्ही पत्त्यांवर एकच छोटं चित्र काढा, म्हणजे न वाचणारंही खेळू शकतं. पत्ता उलटताना नाव मोठ्याने म्हणायचं, नाहीतर नुसती चित्रं जुळतात आणि कानाला काहीच मिळत नाही. याकोब आणि यहूदा पहिल्या संचात घालू नका. जेकब आणि जेम्स दोघेही मराठीत याकोब होतात, यहूदाच्या मागे तर जुडा, जुडास आणि ज्यूड असे तिघे उभे असतात. मोठ्यांसाठी हीच पुढची कोडी.

वसईकडची कॅथलिक आणि नगर-पुण्याकडची प्रोटेस्टंट मुलं एकत्र असतील तर ‘बायबलमध्ये पुस्तकं किती’ हा प्रश्न स्पर्धेत ठेवू नका. कॅथलिक बायबलमध्ये 73, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66, दोघंही बरोबर.

मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, या धड्यासाठी आंधळी कोशिंबीर छान. एक जण डोळे मिटून, एक जण ‘इकडे ये’ म्हणणारा, बाकीचे चार बाजूंनी भलतंच सांगणारे. पट्टी बांधायची सक्ती करू नका, काही मुलं घाबरतात. वधस्तंभ किंवा इसहाकाचं अर्पण यांचा खेळ कधीच करू नये. ते शांत बसून सांगायचे विषय.

वर्ग घेणाऱ्यांची कागदपत्रं आधी करून ठेवा. इंग्लंडमध्ये डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची काही नोंद आहे का ते बघणारी), ऑस्ट्रेलियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, इतरत्र जे लागत असेल ते. आपली मंडळी लहान, सगळे ओळखीचे, हे कारण यजमान चर्च ऐकत नाही आणि ऐकूही नये. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं असावीत. बक्षिसाला शेंगदाण्याची चिक्की आणि काजूकतली नको, ॲलर्जीचा प्रश्न असतो. स्टिकर द्या, आणि सगळ्यांना द्या.

आणि उपदेश लांबतोच. पिशवीत तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीची सात कार्डं ठेवा: परमेश्वर, माझा, मेंढपाळ, आहे, मला काही, उणे, पडणार नाही. ती उलटसुलट वाटायची आणि मुलांनी न बोलता क्रमाने उभं राहायचं. ‘उणे’ला कुणीतरी हमखास गणितातलं वजाचं चिन्ह काढून दाखवतं. दाखवू दे, अर्थ तोच आहे.