स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा 'स्पॉक्स ब्रेन' हा भाग खरंच इतका टाकाऊ आहे का? वगळला तर चालेल का?

कथा म्हणून हो, टाकाऊच आहे, पण वगळू नका. 20 सप्टेंबर 1968 ला तिसऱ्या सीझनची सुरुवात याच भागाने झाली आणि मूळ मालिकेतल्या सर्वांत वाईट भागांत प्रेक्षक आजही त्याचं नाव घेतात. कारण उघड आहे: कारा नावाची बाई एंटरप्राइझ या अंतराळयानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरून नेते, तो एका भूमिगत वस्तीचा कारभार चालवायला जुंपला जातो आणि मेंदू नसलेल्या स्पॉकला रिमोटने चालवत त्याचे सहकारी त्या मेंदूच्या शोधात फिरतात. शेवटच्या शस्त्रक्रियेत तर कमाल होते. यानाचा डॉक्टर मॅकॉय याला तिथल्या यंत्रातून मिळालेलं शस्त्रक्रियेचं ज्ञान विरायला लागतं, म्हणून तो आधी स्पॉकची वाचा जोडतो आणि टेबलावर पडलेला स्पॉकच पुढचं सांगत राहतो! त्या सीझनला निर्माता बदलला होता, बजेट कापलं होतं आणि वेळ मिळाली होती शुक्रवारी रात्री दहाची. पण हे लेखन त्यामुळे माफ होत नाही, कारण टोपणनावाने ते लिहिणारे जीन कून हे मालिकेच्या उत्तम लेखकांपैकी होते.

एक मात्र आहे, हा भाग कंटाळवाणा अजिबात नाही. माझ्या मते त्याच सीझनमधला 'अँड द चिल्ड्रन शॅल लीड' याहून कितीतरी रटाळ आहे. फक्त नवख्या माणसाला मालिकेची ओळख यापासून करून देऊ नका. पुढच्याच आठवड्यातला 'दि एंटरप्राइझ इन्सिडेंट' दाखवा, तो खणखणीत आहे.