जुनाट टाचदुखीवर शॉकवेव्ह थेरपीचा खरंच उपयोग होतो का?

सहा महिने व्यायाम, मऊ चपला, गोळ्या सगळं करूनही सकाळचं पहिलं पाऊल टेकवताना टाच ठणकत असेल, तर जरूर विचार करा. नाव शॉक असलं तरी विजेचा झटका नसतो, दाबाच्या ध्वनिलहरी असतात. अशाच लहरींनी १९८० साली म्युनिकमध्ये मूतखडा पहिल्यांदा फोडला गेला. टाचेत मात्र काही फोडायचं नसतं, वाढलेलं हाडसुद्धा नाही. तळव्याच्या दुखावलेल्या पट्ट्याची रखडलेली दुरुस्ती पुन्हा सुरू करायची असते. साधारण आठवड्याला एक, अशी ३ ते ५ सत्रं. त्या वेळी दुखतं, पण सोसवतं. आराम पडायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून दुसऱ्या सत्रानंतरच कंटाळून सोडू नका. पोटरी ताणायचे व्यायाम चालूच ठेवा. गरोदर असाल तर नकोच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.